उरलेलं कपाट आणि सव्वा मीटर रुंदीचं बाथरूम: एक प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेतलं हे घर. पंधराएक वर्षं जुनी इमारत, दोन बेडरूम. राहणारी माणसं चार: नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. ओळख पटू नये म्हणून नावं आणि दोन-चार तपशील बदलले आहेत. मापं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत, कारण या प्रकरणात सगळं मापांवरच अडलं.

जुन्या घरातून येताना त्यांच्याकडे मॉड्युलर कपाटाचे तीन उभे सांगाडे होते. नव्या बेडरूममध्ये दोन बसले, तिसरा उरला. रुंदी ५०० मिमी, खोली ३५० मिमी, उंची २०१० मिमी. पांढऱ्या लॅमिनेटचं पार्टिकल बोर्ड, आतल्या बाजूंना वरपासून खालपर्यंत भोकांच्या रांगा, चार फळ्या आणि एक लांब दार. वस्तू चांगल्या स्थितीत होती. विकायला काढली तर हातात काहीच पडत नव्हतं आणि टाकवत तर अजिबात नव्हती. गॅलरीत प्लास्टिकखाली ती उभी राहिली आणि घरातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. बाथरूममध्ये सामान ठेवायला जागा नाही, हा विषय निघाला तेव्हाही तेच झालं.

अडचण

बाथरूम कमोडसकट एकच. आतून फरशी ते फरशी १२१० बाय २३२० मिमी. राष्ट्रीय बांधकाम संहितेत कमोडसह बाथरूमला किमान २.८ चौरस मीटर क्षेत्र आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. हे बाथरूम २.८१ चौरस मीटर भरतं. बिल्डरने किमान मर्यादेला शिवून हात झटकले होते.

दार आखूड भिंतीत. समोरच्या टोकाला खिडकीखाली कमोड. मधल्या भागात डाव्या भिंतीवर नळ, मिक्सर आणि गिझर, म्हणजे आंघोळीची जागा ती. वर माळा असल्यामुळे खालची उंची २०९० मिमीच मिळते. वॉशबेसिन बाहेर पॅसेजमध्ये, दाराला लागून.

सामान कुठे होतं? शाम्पू-तेलाच्या बाटल्या खिडकीच्या पट्टीवर, साबणाचा पुडा फ्लशच्या टाकीवर, टॉवेल दारामागच्या खुंट्यांवर एकावर एक, कमोड साफ करायचं अॅसिड कोपऱ्यात जमिनीवर. आणि दाराच्या उजव्या कोपऱ्यात पन्नास लिटरचं पिंप. पाण्याच्या वेळा सांभाळणाऱ्या घरांत पिंप हा बाथरूमचा कायमचा रहिवासी असतो. आराखड्यात तो कधीच दाखवलेला नसतो.

सूनबाईंची मागणी सरळ होती: "आईंना वाकायला लागू नये आणि चढायलाही लागू नये. सगळं हाताशी हवं. आणि हे कपाट वापरता आलं तर पैसे वाचतील."

पहिल्या दोन वाक्यांत खरी गरज होती. तिसरं वाक्य म्हणजे घरात पडून असलेल्या वस्तूचा हट्ट. ही दोन सुरुवातीलाच वेगळी करणं हा पहिला निर्णयबिंदू होता आणि तो पूर्णपणे साधला असं म्हणता येणार नाही. बोलणं पुन्हा पुन्हा "कपाट कसं बसवायचं" इथेच येत राहिलं.

पाणी कुठे कुठे जातं

मॉड्युलर कपाटाची कल्पना कोरड्या खोलीसाठी केलेली आहे. ज्या देशांतून ही पद्धत आली तिथल्या बाथरूममध्येही बरीचशी फरशी कोरडी राहते, कारण पाणी टबात किंवा काचेच्या आत पडतं. आपल्याकडे बादलीतून तांब्याने पाणी अंगावर घेतात, पाटावर किंवा स्टुलावर बसून. वर शेवटी बादली उपडी करून आणि वायपर मारून सगळी फरशी धुऊन निघते. पाणी फक्त वरून खाली पडत नाही. ते फरशीवर आपटून परत उडतं.

म्हणून मापं घेण्याआधी वेगळंच एक काम केलं. घरच्यांना नेहमीसारखी आंघोळ करायला सांगून, लगेच नंतर भिंतींवर थेंब कुठपर्यंत आले ते खडूने खुणावून ठेवलं. दाराजवळच्या उजव्या कोपऱ्यात ओल साधारण गुडघ्याच्या थोडी वरपर्यंत दिसली. नळासमोरच्या भिंतीवर ती खांद्यापर्यंत होती. कोपऱ्यात सर्वांत ओली जागा पिंपाभोवतीची निघाली, आणि तिचं कारण आंघोळ नव्हती. पिंपातून तांब्या भरून काढताना दर खेपेला थोडं पाणी बाहेर सांडत होतं.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्य यांची दाबून केलेली फळी. वरचं लॅमिनेट पाणी आत जाऊ देत नाही. कडा आणि भोकं मात्र देतात. कडेतून पाणी शिरलं की भुसा फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. फुगलेल्या भागात स्क्रू धरत नाही. प्लायची तऱ्हा वेगळी. साधा प्लाय खारीसारखा पदरापदराने सुटतो, तर आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय उकळत्या पाण्यालाही टिकेल अशा फेनॉलिक चिकटद्रव्याने जोडलेला असतो. दुकानात "वॉटरप्रूफ" हा शब्द दोन्हींना सर्रास लावतात, म्हणून फळीवरचा शिक्का वाचावा.

तोललेले पर्याय

पहिला: कपाट आहे तसं कोपऱ्यात उभं करायचं. उंची २०१०, माळ्याखाली २०९०, म्हणजे बसतं. पण तळ थेट ओल्या फरशीवर येतो. खाली १०० मिमीचे प्लास्टिकचे पाय लावले तर उंची २११० होते आणि कपाट माळ्याला अडतं. शिवाय बाथरूमच्या फरशीला ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतार असतो, त्यामुळे उभं कपाट एका बाजूला कलतं आणि दार आपोआप उघडतं. पिंपाची जागाही जाते. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा: खालून कापून कपाट आखूड करायचं आणि भिंतीवर अधांतरी बसवायचं. पिंप, स्टूल आणि वायपर खाली राहतात, फरशी धुता येते. कापलेल्या कडा उघड्या पडतात ही त्याची किंमत.

तिसरा: उरलेलं कपाट विसरून सुताराकडून नवं करून घ्यायचं, मरीन प्लायमध्ये किंवा पीव्हीसी फोम बोर्डमध्ये. फोम बोर्डाला पाण्याचं भय नाही, मात्र स्क्रू लाकडाइतका घट्ट बसत नाही आणि लांब फळी मधून वाकते. पाचशे मिमीच्या फळीला तो प्रश्न येत नाही.

चौथा: कपाट बाहेर पॅसेजमध्ये, बेसिनशेजारी लावायचं आणि बाथरूममध्ये स्टीलची दोन उघडी शेल्फं. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत बिनधोक मार्ग होता. माझं मत आजही त्याच्याच बाजूने झुकतं. पण सासूबाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला: "अगं, आंघोळीला बसल्यावर टॉवेल बाहेर राहिला तर मी काय हाका मारत बसू?" ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांनीच नको म्हटल्यावर हिशेब तिथे थांबतो.

तिसऱ्याचा अंदाज काढला तेव्हा तो दुसऱ्यापेक्षा फार वर नव्हता. जुनं कपाट वापरण्याने वाचत होतं ते मुख्यतः फळ्यांचं आणि बिजागऱ्यांचं. कापणं, कडा झाकणं, मागची फळी बदलणं ही मजुरी वाढत होती. तरीही घरच्यांनी दुसरा पर्याय निवडला. गॅलरी मोकळी होणार हे त्यामागचं न बोललेलं कारण होतं, आणि लहान घरात ते कारण हलकं नसतं.

पुठ्ठ्याचं कपाट

करवत लावण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच मापाचं खोटं कपाट केलं आणि चिकटपट्टीने कोपऱ्यात लावलं. संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं काम हेच.

कागदावर सगळं बसत होतं. आखूड भिंत १२१० मिमी. दार चौकटीसह डावीकडून ८७० घेतं. उजवीकडे उरतात ३४०. कपाटाची पाठ उजव्या भिंतीला आणि खोली ३५०, म्हणजे चौकटीवर जेमतेम १० मिमी येणार. चौकट ६० मिमी रुंद आहे, मग काय बिघडलं, असं सगळ्यांना वाटलं.

पुठ्ठा लावून आतून दार बंद करायला गेल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. कपाटामागे हवा खेळावी म्हणून भिंतीपासून १५ मिमी अंतर सोडायचं होतं आणि पुढे कपाटाच्या दाराची १८ मिमी जाडी होती. एकूण ३८३ मिमी. बाथरूमच्या दाराची कडी बरोबर उजव्या चौकटीत सरकते, जमिनीपासून मीटरभर उंचीवर. पुठ्ठ्याचा कोपरा कडीच्या वाटेत येत होता. कडी लावायला बोटं आत जात नव्हती. सासूबाईंच्या बोटांना तर सवालच नव्हता.

इथे तीन वाटा होत्या. कडी खाली सरकवायची, दार बाहेर उघडणारं करायचं, किंवा कपाटाची खोली कमी करायची.

दार बाहेर उघडण्याच्या वाटेवर बराच वेळ बोलणं झालं, आणि ते योग्यच होतं. वयस्क माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणाऱ्या दारात तो धोका टळतो. पण चौकट ग्रॅनाइटची होती, खाच आतल्या बाजूला. दार उलटं करायचं म्हणजे चौकट काढून फरशी फोडणं आलं. शिवाय उघडलेलं दार पॅसेजमध्ये बेसिनवर आपटलं असतं. तो खर्च कपाटाच्या कितीतरी पट झाला असता, म्हणून वाट सोडली. त्याऐवजी कडी बदलली. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं कुलूप लावलं. कपाटाशी याचा संबंध नव्हता. पण विषय निघालाच होता तर तो तसाच सोडणं बरोबर नव्हतं.

खोली कमी करण्याचं ठरलं: ३५० वरून ३००. १५ अधिक ३०० अधिक १८, एकूण ३३३. तीनशे चाळीसच्या आत.

प्रत्यक्ष काम

या पद्धतीच्या कपाटांत बाजूच्या फळ्यांवर ५ मिमी व्यासाची भोकं ३२ मिमी अंतराने असतात. फळी, खण, बिजागरीची प्लेट सगळं त्याच रांगेत बसतं. म्हणून उंची कापताना मनाला येईल तिथे करवत लावली नाही. ३२ च्या चोवीस पट, म्हणजे ७६८ मिमी खालून काढले आणि उंची १२४२ राहिली. त्यामुळे तळाची फळी पुन्हा बसवताना रांगेचा मेळ तुटला नाही. खोली मागच्या बाजूने कापली. पुढची रांग, जिच्यावर बिजागऱ्या बसतात, शाबूत राहिली. मागची रांग गेली. ती जुन्या तुकड्याचाच साचा करून नव्याने पाडली.

सुतार कोकणातले, जुने, कमी बोलणारे. त्यांनी फळी हातात घेऊन एकदाच सांगितलं, "ताई, हा भुसा आहे. यात स्क्रू एकदा मारला की मारला. काढून-घालून चालणार नाही." त्यामुळे सगळ्या जागा आधी पेन्सिलने पक्क्या केल्या.

कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून, त्यांना पीयूचे (पॉलियुरेथेन लेपाचे) दोन हात दिले. पहिला हात भुसा पिऊन टाकतो, दुसरा वर राहतो. त्यावर २ मिमी जाडीची पीव्हीसीची एज पट्टी रबर-आधारित चिकटद्रव्याने लावली. साधा पांढरा गोंद मुद्दाम टाळला. तळाच्या चारही कडांना बाहेरून अॅल्युमिनियमची एल पट्टी आणि सांध्यात सिलिकॉन. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारं घेतलं नाही. तो वास अॅसिटिक आम्लाचा असतो आणि आसपासच्या धातूला ते बरं नाही. न्यूट्रल प्रकारचं, बुरशीरोधक घेतलं.

मागची पातळ हार्डबोर्डची फळी पूर्णच बदलली. तिच्या जागी सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसी फोमचा पातळ पत्रा. आंघोळीच्या बाजूची जी फळी थेट पाण्याकडे तोंड करून आहे तिलाही बाहेरून सनबोर्डाचा थर चिकटवला. जुनं लांब दार कापण्यात अर्थ नव्हता. तळाची कड कायम थेंब झेलत राहिली असती. १८ मिमी फोम बोर्डाचं नवं दार केलं आणि त्यात ३५ मिमीचे गोल खाचे पाडून जुन्याच बिजागऱ्या बसवल्या. बिजागरीच्या वाटीचं हे माप जवळपास सगळीकडे सारखं असतं, याचा फायदा पुढे दिसेल. दाराच्या बिजागऱ्या आंघोळीच्या बाजूला ठेवल्या, म्हणजे उघडं दार पाण्याच्या आणि कप्प्यांच्या मध्ये येतं.

आता भिंतीचा प्रश्न. दाराशेजारची आखूड भिंत जवळ होती, दोन भिंतींना धरलं तर कपाट अधिक घट्ट बसलं असतं. पण त्याच भिंतीच्या पलीकडे पॅसेजमधलं बेसिन आहे. बेसिनची पाइप भिंतीतून कुठून वर गेली आहे याचा नकाशा कुणाकडे नव्हता. प्लंबर साधारणपणे नळापासून सरळ उभं किंवा सरळ आडवं जातात, पण जुन्या इमारतीत त्या "साधारणपणे"वर ड्रिल चालवू नये. त्या भिंतीला हात लावला नाही. उजव्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि सिंक दुसऱ्या टोकाला, हे तिकडे जाऊन, मोजून पाहिलं.

रिकामं कपाट पंचवीसेक किलो, सामानासह पन्नासच्या आसपास. पार्टिकल बोर्डाच्या सांध्यांवर एवढं वजन वरून टांगणं म्हणजे एक दिवस वरची फळी भिंतीवर आणि बाकीचं कपाट खाली. म्हणून वजन खालून झेललं. स्टेनलेस स्टीलचे तीन ब्रॅकेट भिंतीत ठोकून कपाट त्यांच्यावर टेकवलं. वरचे दोन स्क्रू फक्त ते पुढे कलू नये म्हणून. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवला, टाइल पार झाल्यावरच चालू केला. प्रत्येक भोकात प्लग घालण्याआधी सिलिकॉन भरलं, म्हणजे भिंतीवरून वाहणारं पाणी टाइलच्या मागे उतरणार नाही.

कपाटाचा तळ जमिनीपासून ८०८ मिमीवर आला. खाली पिंप बसलं. पण आता पिंपावर तांब्या आत-बाहेर करायला हात जाईना, आणि गेला असता तरी सगळं पाणी कपाटाच्या तळावर उडालं असतं. पिंपाला खाली तोटी बसवली. बादली तोटीखाली भरायची. बाथरूममधला सर्वांत ओला कोपरा या एका प्लास्टिकच्या तोटीने कोरडा झाला.

काय आत ठेवायचं, काय नाही

यावर घरात सर्वांत जास्त वाद झाला. सासूबाईंना आपल्या गोळ्या तिथे हव्या होत्या, आंघोळीनंतर लगेच घ्यायच्या म्हणून. दमट, गरम हवेत औषधं ठेवू नयेत हे त्यांना पटलं, पण रुसून. डबा बेडरूममध्ये गेला. ट्रिमर आणि केस वाळवायचं यंत्रही बाहेर. ओला टॉवेल आत अजिबात नाही, त्यासाठी दाराबाहेर दांडी.

कमोडचं अॅसिड हा खरा मुद्दा. अशा क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. झाकण सैल राहिलं तर बंद कपाटात त्याच्या वाफा साठतात आणि बिजागऱ्या खाऊन टाकतात. स्टेनलेस स्टीललाही ते सोडत नाही. ब्लीचच्या बाटलीशेजारी ते ठेवणं त्याहून वाईट. दोन्ही एकत्र सांडली तर क्लोरीन वायू तयार होतो. म्हणून अॅसिडला कपाटाबाहेर, कमोडमागे, मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर वेगळी जाळी. ब्लीच धुण्याच्या मशीनजवळ.

पहिल्या पावसाळ्यानंतर

काम उन्हाळ्यात झालं. खरी परीक्षा जुलैत.

सांगाडा टिकला. दार जसंच्या तसं. सनबोर्ड लावलेली बाजू नीट. वापराच्या दृष्टीने सासूबाई खूश होत्या. मधले दोन कप्पे त्यांच्या छातीच्या उंचीवर आले आणि वाकणं बंद झालं. खिडकीची पट्टी मोकळी झाल्यामुळे खिडकी पूर्ण उघडू लागली. हा फायदा कुणी गृहीतच धरला नव्हता.

बिजागऱ्यांवर लाल गंज दिसला. जाळी असूनही पाहुणे आल्यावर कुणीतरी अॅसिडची बाटली घाईत कपाटात सारली होती आणि ती तिथेच राहिली. नव्या बिजागऱ्या एसएस ३०४ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. वाटीचं माप तेच असल्यामुळे दाराला नवं भोक पडलं नाही, फक्त स्क्रू फिरवायचं काम.

तळाच्या फळीला आंघोळीच्या बाजूच्या कोपऱ्यात फुगवटा आला, नखाला लागेल इतका. कारण शोधायला वेळ लागला नाही. ब्रॅकेटचा स्क्रू खालून जिथे फळीत जातो तिथे सिलिकॉन नव्हतं. एज पट्टी, एल पट्टी, पीयू सगळं कडेला होतं आणि पाणी मधल्या भोकातून आत गेलं.

टॉवेलांना कुबट वास आला. इथे दोष कपाटाचा नव्हता. १५० मिमीचा एग्झॉस्ट फॅन कामाच्या यादीत होता आणि बसवलाही होता, पण दिव्याच्याच बटणावर. आंघोळ झाली की दिवा बंद, फॅन बंद, वाफ आत. वेगळं बटण देऊन आंघोळीनंतर तो तासभर चालू ठेवायला सांगितलं. "बिल येईल ना," ही पहिली प्रतिक्रिया. पस्तीसेक वॉटचा फॅन रोज तास चालला तर महिन्याला एका युनिटच्या आसपास जातो. शिवाय दार खालून फरशीला घासत होतं, बाहेरची हवा आत यायला फटच नव्हती. दार खालून १५ मिमी कापल्यावर फॅनचा उपयोग दिसू लागला. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये टॉवेल बेडरूममध्येच ठेवावेत असं घरच्यांनी ठरवलं, आणि ते शहाणपणाचंच आहे.

आंघोळीच्या बाजूला लावलेला प्लास्टिकचा पडदा मात्र फसला. सासूबाई तो ओढून घ्यायच्याच नाहीत, अंगाला चिकटतो म्हणून. खालच्या बाजूने तो काळा पडला. सप्टेंबरात काढून टाकला.

वेगळं काय करता आलं असतं

पडद्याऐवजी उजव्या भिंतीला धरून ४५० मिमी रुंदीची, ८ मिमी जाड टफन्ड काचेची स्थिर पट्टी बसवता आली असती. १२१० पैकी ७६० मिमीची वाट उरते, सासूबाई स्टुलासह आत जाऊ शकतात, आणि ओढायचं-सारायचं काही राहत नाही. पडद्याची निवड पैशाच्या बाजूने झाली. पण काच आधी आली असती तर आंघोळीकडच्या बाजूचं निम्मं झाकण-चिकटवण वाचलं असतं.

कामाचा क्रम उलटा हवा होता. आधी फॅन, दाराखालची फट आणि पिंपाची तोटी. मग महिनाभर थांबून भिंती किती कोरड्या राहतात ते पाहायचं आणि त्यानंतर कपाटाची जागा, सामग्री ठरवायची. तोटीने जेवढी ओल कमी झाली तेवढी कडा झाकण्याच्या सगळ्या मेहनतीने झाली नाही.

तळाची फळी पहिल्यापासून फोम बोर्डाची करायला हवी होती. पाण्याला सर्वांत जवळची, वजन झेलणारी आणि खालून स्क्रू घेणारी फळी तीच. सांगाड्यातली एकच फळी बदलायची असती तर ही. आता ती बदलायचं ठरलं आहे. ब्रॅकेट तेच राहतील, कपाट उतरवून तळ काढायचा आणि या वेळी प्रत्येक भोकात सिलिकॉन.

आणि मूळ कपाटातलं शेवटी काय उरलं याचा हिशेब: दोन बाजू (खालून आणि मागून कापलेल्या), वरची फळी, मागून कापलेल्या चार फळ्या. दार नवं, पाठ नवी, बिजागऱ्या नव्या, तळ लवकरच नवा. जुन्या वस्तूतून खऱ्या अर्थाने कामाला आली ती भोकांची रांग. तिच्यामुळे सासूबाईंच्या हाताच्या उंचीप्रमाणे फळ्या एका संध्याकाळी दोनदा हलवता आल्या, आणि मुलगी उंच झाली की पुन्हा हलवता येतील. तेवढ्यासाठी खोकं जपायची गरज नव्हती. सुताराने नव्या फोम बोर्डात त्याच अंतराने भोकं पाडून दिली असती, आणि साच्यासाठी कापलेला तुकडा हाताशी होताच.

असंच काम कुणाला करायचं असेल तर उरलेल्या कपाटाचं माप घेण्याआधी बाथरूमच्या दाराची कडी कुठे सरकते ते बघावं, आणि पिंप असेल तर ते आराखड्यात काढावं.